वेलांटी, रफार आणि डिस्लेक्सिया : शाळेत शुद्धलेखन शिकवताना

चौथीच्या वर्गातील एखाद्या मुलाला अफझलखानाच्या भेटीचा प्रसंग तोंडी सांगायला लावावा. शामियाना, बिचवा, जिवा महाला असे सगळे तपशील तो रंगवून सांगतो. तोच प्रसंग पाच ओळींत लिहून दाखव म्हटले की मात्र ‘प्रतापगड’चा ‘पतापगड’ होतो, ‘मिठी’ची ‘मीटी’ होते, ‘विश्वास’चा ‘विशवास’ होतो, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत पोहोचेस्तोवर तास संपतो. वहीवर लाल शाईचा सडा पडतो. खाली शेरा येतो, ‘लक्ष नाही. दहा वेळा लिहा.’ दहा वेळा लिहून आणलेल्या शब्दांपैकी पहिले तीन बरोबर असतात, चौथ्यापासून चूक पुन्हा शिरते आणि दहाव्यापर्यंत तीच पक्की होते.

बोलण्यात हुशार आणि लिहिण्यात सतत अडखळणाऱ्या अशा प्रत्येक मुलाला डिस्लेक्सिया असतोच असे नाही. परंतु ज्यांना तो असतो, त्यांतील बहुतेकांच्या शालेय आयुष्याची सुरुवात अशीच होते. आळशी, धांदरट, ‘मुद्दाम करतो’ ही विशेषणे निदानाच्या पुष्कळ आधी येऊन चिकटतात.

‘डिस्लेक्सिया’ ही संज्ञा रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८८७ मध्ये प्रचारात आणली. त्याच्यासमोरचे रुग्ण प्रौढ होते. मेंदूच्या विकारामुळे त्यांचे वाचन गेले होते. जन्मतःच अशी अडचण असलेल्या मुलाची नोंद प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केली. चौदा वर्षांचा हा मुलगा वैद्यकीय वाङ्मयात ‘पर्सी एफ.’ या नावाने ओळखला जातो. शिक्षण केवळ तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत मॉर्गनने नोंदवले आहे. हा मुलगा स्वतःचे नावही ‘पर्सी’ऐवजी ‘प्रेसी’ असे लिही, आणि चूक दाखवून दिल्यावरही ती त्याच्या पटकन ध्यानात येत नसे. ‘गर्दी’चे ‘ग्रदी’ करणारा आपल्याकडचा मुलगा याहून फारसे वेगळे काही करीत नाही. ‘र’ कुठे बसवायचा, हेच दोघांचेही कोडे आहे.

या अडचणीचे मूळ डोळ्यांत नाही आणि बुद्धीतही नाही. बोललेल्या शब्दाचे सुटे ध्वनी ओळखणे, ते क्रमाने मनात धरून ठेवणे आणि प्रत्येक ध्वनीला त्याचे चिन्ह झटकन जोडणे या मेंदूच्या कामात ती आहे. म्हणूनच वाचनापेक्षाही शुद्धलेखनात ती अधिक चिवट ठरते. वाचताना शब्द समोर असतो, संदर्भावरून अंदाज बांधता येतो. लिहिताना सगळेच आठवणीतून काढावे लागते. वाचन बऱ्यापैकी सुधारलेली डिस्लेक्सियाची मुले मोठेपणीही लिहिण्यात चुकत राहतात, ती याच कारणाने. वाचन, लेखन व गणित यांतील विशिष्ट अध्ययन अक्षमता एकत्र धरल्या तर त्यांचे प्रमाण शालेय वयाच्या मुलांत शेकडा ५ ते १५ मानले जाते, आणि त्यांत वाचन-लेखनाच्या अडचणीचा वाटा सर्वांत मोठा आहे. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात दोन-तीन मुले तरी अशी असणार, हे गृहीत धरूनच शिक्षकाने वर्गात पाऊल टाकायला हवे. अडचण पुष्कळदा घराण्यात असते. चौकशी केल्यावर वडील किंवा मामा हळूच सांगतात की, त्यांनाही शाळेत असेच होत असे.

२००७ च्या डिसेंबरात ‘तारे जमीं पर’ प्रदर्शित झाला आणि हा शब्द घराघरांत पोहोचला. त्या चित्रपटाचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पडद्यावर नाचणारी, उलटी होणारी अक्षरे पाहून पुष्कळ पालकांचा असा समज झाला की, उलटी अक्षरे म्हणजे डिस्लेक्सिया. प्रत्यक्षात सहा-सात वर्षांपर्यंत अनेक मुले अक्षरे उलटी काढतात आणि यथावकाश ती सवय जाते. उलट, एकही अक्षर उलटे न काढणारे मूल डिस्लेक्सियाने ग्रासलेले असू शकते. चित्रपटातला कलाशिक्षक वाळूत अक्षरे गिरवून घेतो, मातीचे आकार करून घेतो. ते काही सेकंदांचे प्रसंग कथेच्या ओघात निघून जातात आणि स्मरणात राहते ती चित्रकलेची स्पर्धा. शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते काही सेकंद.

मराठी बोलतो तशीच लिहितो का?

आपली लिपी शास्त्रशुद्ध, जसे बोलतो तसेच लिहितो, मग इंग्रजीसारखी स्पेलिंगची भानगड मराठीत कुठली, असा प्रश्न शिक्षकही विचारतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. इटालियन, फ्रेंच व इंग्रजी भाषिक डिस्लेक्सियाग्रस्त प्रौढांच्या मेंदूंचा तुलनात्मक अभ्यास २००१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. वाचताना मेंदूतील जो भाग कमी काम करीत होता, तो तिन्ही भाषिकांत एकच होता. मात्र इटालियन मंडळी प्रत्यक्ष वाचनात बरीच सरस होती, कारण त्यांच्या भाषेत लेखन उच्चाराला धरून चालते. सोपी लिपी अडचण नाहीशी करीत नाही, तिची धार कमी करते. देवनागरीचेही तसेच आहे. पण तिच्याही स्वतःच्या खाचाखोचा आहेत आणि त्या ओळखल्याशिवाय मुलाची चूक समजत नाही.

पहिली गोष्ट चिन्हांच्या संख्येची. इंग्रजीत २६ अक्षरे. मराठीत मूळाक्षरे पन्नासच्या आसपास, परंतु बाराखडी आणि जोडाक्षरे धरली तर डोळ्यांना ओळखाव्या लागणाऱ्या आकृती शेकड्यांनी मोजाव्या लागतात. कन्नड लिपी शिकणाऱ्या मुलांवरील सोनाली नाग यांच्या २००७ मधील अभ्यासात दिसून आले की, अक्षरसंच पक्का होण्याचे काम पहिलीत संपत नाही, ते प्राथमिक शाळेची बरीच वर्षे चालू राहते. मराठीची रचना त्याच कुळातली आहे. आपल्याकडे मात्र बाराखडी पहिलीत ‘झाली’ असे समजून दुसरीत धडे सुरू होतात, आणि ज्याची ती झालेली नसते तो तिथेच मागे पडतो.

त्यातून काही अक्षरे दिसायला जवळची. ध-घ, भ-म, थ-य, ब-व, प-ष या जोड्यांत एखादी गाठ किंवा रेघ एवढाच फरक असतो. काही ऐकायला जवळची : क-ख, ट-ठ, न-ण, ल-ळ. ‘श’ आणि ‘ष’ यांच्यातला फरक तर आपल्यापैकी फारच थोड्यांच्या बोलण्यात उरला आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च वेगवेगळा उच्चारला जातो, लिहिताना मात्र एकच.

दुसरी गोष्ट जागेची. पहिली वेलांटी ऐकू येते व्यंजनानंतर, दिसते मात्र त्याच्या आधी. रफाराचे याउलट : ‘सर्प’मध्ये र् हा प च्या आधी उच्चारला जातो, पण जाऊन बसतो प च्या डोक्यावर. ‘गर्दी’त तर तो वेलांटीच्याही माथ्यावर चढतो. एकट्या ‘र’ची रूपे पाहावीत : रस, चक्र, ट्रक, सर्प, दऱ्या. ज्या मुलाला क्रम मनात धरून ठेवणेच कठीण, त्याच्यासाठी हे उलटसुलट क्रम म्हणजे परीक्षाच.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बोलण्यात गळणारा ‘अ’. ‘बसतो’ हा शब्द आपण ‘बस्-तो’ असा उच्चारतो आणि ‘पुस्तक’ हा ‘पुस्-तक’ असा. दोन्हीकडे स आणि त यांच्यामध्ये स्वर नाही. तरीही एकात स पूर्ण लिहायचा आणि दुसऱ्यात अर्धा. कानाला प्रमाण मानणारे मूल ‘बस्तो’ आणि ‘पुसतक’ लिहिते, आणि दोन्हीकडे चुकते. ‘करता’ आणि ‘कर्ता’, ‘सरकार’ आणि ‘सर्कार’ यांचा घोळ याच जातीचा. इथे मूल निष्काळजी नाही. ते शिकवल्याप्रमाणे ‘ऐकून’ लिहिते आहे.

राहिला ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये राज्य शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. या नियमांप्रमाणे शब्दाच्या अखेरचा इकार-उकार दीर्घ. म्हणून कवी, गुरू. पण मुलाला प्रत्येक वाक्यात लागणारा ‘आणि’ मात्र अपवाद. ‘गरीब’ दीर्घ, ‘गरिबाला’ ऱ्हस्व. ‘फूल’ दीर्घ, ‘फुलाला’ ऱ्हस्व. म्हणजे आत्ता पाठ केलेला शब्द विभक्तीचा प्रत्यय लागताच बदलतो. त्यातून गुण, विष, मंदिर, पंडित हे संस्कृतातून आलेले शब्द वेगळ्याच नियमाने चालतात. बोलताना ही लांबी बहुतेक वेळा ऐकूच येत नाही, त्यामुळे कान मदतीला येत नाहीत. सुशिक्षित प्रौढही येथे सर्रास चुकतात (वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत मुद्रितशोधकाची खुर्ची उगाच नव्हती). डिस्लेक्सिया असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाकडून याच एका गोष्टीचे गुण कापून आपण नेमके काय मोजतो, याचा विचार व्हायला हवा.

चूक वाचायला शिकणे

वही तपासणे आणि चूक वाचणे यांत फरक आहे. ‘चिमणी’ऐवजी ‘चीमनी’ लिहिणाऱ्या मुलाला ध्वनी सगळे सापडले आहेत. ऱ्हस्व-दीर्घ आणि न-ण यांचाच प्रश्न आहे. ‘खिडकी’चे ‘खिकडी’ करणाऱ्याला ध्वनी सापडले, क्रम हरवला. ‘आंबा’चा ‘आबा’ आणि ‘मित्र’चा ‘मित’ करणाऱ्याला शब्दातला एक ध्वनी सुटा करताच आलेला नाही. ‘घर’चे ‘धर’ करणाऱ्याचा घोटाळा आकृतीचा आहे. चारही मुलांना दहापैकी तीनच गुण मिळतात, पण चौघांनाही शिकवायचे ते वेगवेगळे. शिक्षकाने आठवडाभराच्या लेखनातील चुका एका कागदावर उतरवून घेतल्या तर दोन-तीन ठरावीक जातीच्या चुकाच पुनःपुन्हा दिसतात. शिकवण्याची सुरुवात तिथून करावी, आणि एका वेळी एकाच जातीपासून.

डिस्लेक्सियासाठीच्या अध्यापनाची मूळ चौकट अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन हे मेंदूतज्ज्ञ आणि अ‍ॅना गिलिंगहॅम या शिक्षिका यांच्या कामातून १९३० च्या दशकात उभी राहिली. तिचे सूत्र साधे आहे. ध्वनी आणि चिन्ह यांचे नाते गृहीत न धरता उघडपणे शिकवायचे. सोप्याकडून अवघडाकडे, एकही पायरी न गाळता जायचे. आणि डोळे, कान, जीभ व हात या सर्वांना एकाच वेळी कामाला लावायचे. आज जगभर वापरात असलेल्या बहुतेक पद्धती या चौकटीवर बेतलेल्या आहेत. मुंबईत १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशननेही विशेष शिक्षणाचा हाच मार्ग रुजवला. मराठी शाळेत यातले पुष्कळसे खडू-फळ्यावर करता येते.

प्रारंभ लेखणीशिवाय करावा. ‘पाऊस’ म्हणून तीन टाळ्या, ‘कमळ’ म्हणून तीन टाळ्या. मग ‘कमळ’मधला पहिला आवाज काढून टाकला तर काय उरते, ‘कप’मध्ये क च्या जागी ‘त’ घातला तर कोणता शब्द होतो, असे खेळ घ्यावेत. डॅनील एल्कोनिन या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाची चौकटींची पद्धत येथे फार उपयोगी पडते. जमिनीवर शब्दातल्या आवाजांइतके चौकोन आखायचे आणि प्रत्येक आवाजाला एक चिंचोका सरकवायचा. मराठीत थोडा बदल करावा लागतो. आधी अक्षराला एक चौकोन, आणि जोडाक्षर आले की त्या चौकोनात दोन चिंचोके. ‘पु-स्त-क’ या तीन चौकोनांतील मधल्या घरात दोन चिंचोके बसतात, ‘ब-स-तो’मध्ये प्रत्येक घरात एकच. अर्धे अक्षर म्हणजे काय, हे व्याख्येने जे कळत नाही ते येथे हाताला कळते.

यानंतर अक्षरे. रव्याच्या किंवा वाळूच्या ताटलीत, खरखरीत कागदावर, पाठीवर बोटाने, हवेत संपूर्ण हात फिरवून अक्षर काढायचे आणि काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. आवाज न काढता नुसते गिरवणे म्हणजे चित्रकला. त्यातून शुद्धलेखन सुधारत नाही. सारखी दिसणारी अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. ‘घ’ पूर्ण पक्का होऊन महिना लोटला की मग ‘ध’ घ्यावा. पाठ्यपुस्तकाचा क्रम याच्या आड येत असेल तर त्या मुलापुरता तो बाजूला ठेवायला हरकत नाही.

वेलांटी आणि रफार यांसाठी ‘बोलत लिहिणे’ हा उपाय परिणामकारक ठरतो. मुलाने ‘सर्प’ लिहिताना म्हणायचे : “स... र् ऐकू आला, थांबला... प काढला... र् डोक्यावर चढला.” शब्द ठरावीक असावेत, प्रत्येक वेळी तेच. काही दिवसांनी हे बोलणे पुटपुटण्यावर येते, पुढे मनातल्या मनात होते. रफाराचे शब्द एका दिवशी आणि ‘प्र, क्र, ग्र’चे शब्द दुसऱ्या आठवड्यात घ्यावेत, दोन्ही एकत्र आणले की पर्सीची प्रेसी झालीच म्हणून समजावे.

सर्वांत मोठा आधार मात्र शब्दाच्या घडणीचा आहे, आणि आपल्या वर्गांत तो सर्वांत कमी वापरला जातो. ‘बसतो’ हा शब्द कानाने लिहिता येत नाही, पण ‘बस’ हा धातू एकदा कळला की बस-तो, बस-ते, बस-ला, बस-णार, बस-ल्यावर असे अख्खे कुटुंब एका दमात लिहिता येते. धातू एका रंगाच्या पट्टीवर आणि प्रत्यय दुसऱ्या रंगाच्या, एवढ्या साहित्यावर महिनाभराचे काम निघते. ‘गरीब-गरिबाला’, ‘वकील-वकिलाला’, ‘सून-सुनेला’ या जोड्या नियम म्हणून पाठ करण्याऐवजी अशाच जोडीने लिहाव्यात. ‘विद्यार्थी’ हा अवघड शब्द ‘विद्या’ आणि ‘अर्थी’ असा सुटला की त्यातले दोन्ही धोके वेगवेगळे हाताळता येतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांची अर्थावरची पकड अनेकदा चांगली असते. कान जिथे साथ देत नाही तिथे अर्थाला पुढे करावे.

रोजच्या सरावासाठी पाच पायऱ्या पुरेशा आहेत : पाहा, म्हणा, झाका, लिहा, ताडून पाहा. शब्द मुलाने समोर बघून उतरवायचा नाही, झाकून आठवणीतून लिहायचा, आणि चूक स्वतः शोधायची. एका दिवशी पाच शब्द, त्यांतले तीन जुने. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे अधिक फळतात. जुने शब्द आठवड्याने, महिन्याने पुन्हा यायला हवेत, कारण या मुलांच्या बाबतीत ‘काल येत होते, आज विसरला’ हा अनुभव नेहमीचा असतो आणि शिक्षकांचा संयम बहुधा तिथेच सुटतो. श्रुतलेखनात न शिकवलेला शब्द घालू नये. घातलाच, तर त्यातून केवळ त्या मुलाला ठाऊक असलेलीच गोष्ट पुन्हा सिद्ध होते.

इंग्रजीचा वेगळा घाट

राज्यातील सर्व शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्या दृष्टीने हा दुसरा घाट, आणि तो अधिक उभ्या चढणीचा. २६ अक्षरांतून चव्वेचाळीसच्या आसपास ध्वनी उभे करायचे, त्यातही ‘नाईट’मधला के मुका आणि ‘फोन’मधला फ हा पी-एच असा. येथेही घोकंपट्टीपेक्षा क्रमवार ध्वनिपद्धतीच उपयोगी पडते : आधी ‘कॅट, मॅट, सिट’ यांसारखे तीन अक्षरी सरळ शब्द, मग दोन अक्षरे मिळून होणारे ध्वनी, मग शेवटच्या मुक्या ‘ई’चे शब्द. ‘सेड’, ‘वॉज’, ‘दे’ असे आडमुठे पण सतत लागणारे शब्द आठवड्याला दोन-तीनच घ्यावेत. घडणीचा आधार इथेही आहे. भूतकाळी क्रियापदाच्या शेवटी कधी ट, कधी ड, कधी इड असे ऐकू येते, लिहायचे मात्र दरवेळी ई-डी. हे एकदा सांगितले की शेकडो शब्द सुटतात.

मराठीत पक्का झालेला ध्वनींचा कान इंग्रजीतही उपयोगी पडतो. त्यामुळे मूल मागे पडते म्हणून माध्यम बदलण्याची घाई पालकांनी करू नये. अडचण माध्यमाबरोबर मागे राहत नाही.

जे करू नये, त्याची यादी लांबवण्याची गरज नाही. वर्गासमोर चुकीची वही वाचून दाखवणे, तयारीविना प्रकट वाचनाला उभे करणे, शुद्धलेखनासाठी खेळाचा तास काढून घेणे, हे तर उघडच आहे. निबंध तपासताना मजकूर आणि शुद्धलेखन यांचे गुण वेगळे द्यावेत. नाहीतर मूल ‘प्रचंड’ लिहायचे टाळून ‘मोठा’ लिहू लागते, आणि हळूहळू त्याची भाषाच आक्रसते. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांवर पैसे खर्च करणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे की, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २००९ मध्ये नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांसमवेत काढलेल्या निवेदनात अशा उपचारांना शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे. दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी अवश्य करावी, पण ती दुसरे कारण वगळण्यासाठी.

सवलत म्हणजे शिक्षण नव्हे

अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६ मध्ये घेतला. देशात हे पाऊल बरेच आधीचे होते. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणे, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभवासारखा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित, अशा सवलतींचा त्यात समावेश होता. कोणत्या विद्यार्थ्याला नेमके काय मिळेल, हे प्रमाणपत्र आणि मंडळाच्या त्या-त्या वर्षीच्या सूचना ठरवतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील अध्ययन अक्षमता केंद्र या तपासणीसाठी दीर्घकाळ ओळखले जाते.

या सवलतींमुळे असंख्य मुले दहावीचा उंबरठा ओलांडू शकली, हे निर्विवाद. मात्र त्यांचा एक अनिष्ट परिणामही झाला. निदानाचा विचार आठवी-नववीत, म्हणजे मंडळाची परीक्षा समोर दिसू लागल्यावर होऊ लागला. शिकवून फरक पाडण्याची खरी वर्षे पहिली ते चौथी. ती तोवर निघून गेलेली असतात. प्रमाणपत्र हाती आले की ‘आता शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत’ म्हणून शुद्धलेखन शिकवणेच थांबते. मुलाला गुण मिळतात, लिहिता येत नाही. नोकरीचा अर्ज लिहिताना त्याच्यासमोर मंडळाचा परीक्षक नसतो.

कायद्याचा रोख वेगळा आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि दिव्यांगत्वाच्या प्रकारांची संख्या सातवरून एकवीस झाली. १९९५ च्या कायद्यात नसलेली विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत प्रथमच आली. या अधिनियमाचे १६ वे कलम शाळांवर सोपवते ते काम असे : अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे आणि तिच्यावर मात करण्यासाठी योग्य अध्यापनाचे उपाय योजणे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख पुढच्या कलमात येतो. आधी शिकवणे, मग सवलत, हा क्रम कायद्यातच आहे. शाळांत तो उलटा झाला आहे.

जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करावी आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती असावी असे सांगितले. चाळणीत आढळलेल्या मुलाची बालरोगतज्ज्ञाकडून तपासणी, मग मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धिमापन आणि अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या, असा मार्ग आखून दिला गेला. त्या सूचनांनुसार प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच दिले जाते. चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी होते आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायम धरले जाते.

मराठी माध्यमाच्या मुलाची तपासणी इंग्रजीतल्या चाचणीने करणे म्हणजे त्याला पोहता येते का हे सायकलवर बसवून पाहण्यासारखे होते, आणि बराच काळ तेच चालले. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या पुढाकाराने तयार होऊन २०१५ मध्ये आलेल्या ‘डाली’ या साधनाने ही उणीव काही अंशी भरून काढली. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत ते उपलब्ध झाले. पहिली-दुसरीसाठी व तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनी भरावयाच्या चाळणी-सूची त्यात आहेत.

प्रमाणपत्राला आठ वर्षांची अट आहे. शिकवण्याला ती नाही. दुसरीतल्या मुलाला चिंचोके आणि रव्याची ताटली द्यायला कोणत्याही रुग्णालयाचा शिक्का लागत नाही. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष तज्ज्ञ असल्यास जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकांनी त्यांना वर्गात बोलावून घ्यावे. नुसती माहिती पाठवून देणे पुरेसे नाही.

पालकांनीही शाळेत ‘याला सूट द्या’ एवढेच न म्हणता चार गोष्टी विचाराव्यात : चुका कोणत्या जातीच्या आहेत, या महिन्यात त्यांपैकी कोणती एक घेतली आहे, रोजची पंधरा मिनिटे कोण देणार, आणि श्रुतलेखनाचे शब्द आधी मिळतील का. पुढे तपासणीसाठी जायची वेळ आलीच, तर मुलाच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या, उत्तरपत्रिका आणि शिक्षकांचे शेरे सोबत न्यावेत. नीटनेटके करून पुन्हा लिहून घेतलेल्या वह्या नेऊ नयेत. तपासणाऱ्याला मूळच्या चुकाच पाहायच्या असतात.